दर्यावर्दींचा देश : डेन्मार्क

(युरोप खंडाच्या उत्तर भागात डेन्मार्क नावाचा एक छोटासा देश आहे. तेथील समुद्रकिनारा, उन्हाळ्याची सुट्टी, लोकजीवन आणि हजार वर्षांपूर्वीचे व्हायकिंग दर्यावर्दी यांची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. या दूरच्या देशाचा अरबांशी आणि आपल्या मुंबईशी कसा संबंध आला, हेही या पाठातून कळेल.)

विद्यार्थी मित्रांनो, नकाशाची वही उघडा आणि युरोप खंडाचे पान काढा. जर्मनीच्या उत्तरेस जमिनीचा एक पट्टा समुद्रात घुसलेला दिसेल. हा जटलंडचा द्वीपकल्प. त्याच्या पूर्वेला फ्यून, झीलंड आणि इतर अनेक लहानमोठी बेटे विखुरलेली आहेत. द्वीपकल्प आणि बेटे मिळून डेन्मार्क देश तयार झाला आहे. कोपनहेगन ही त्याची राजधानी झीलंड बेटावर आहे.

डेन्मार्कचे क्षेत्रफळ सुमारे ४३ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात असे सात डेन्मार्क सहज मावतील. लोकसंख्या सुमारे साठ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती, हे लक्षात घेतले की डेन्मार्क किती लहान आहे याची कल्पना येते. पण किनाऱ्याच्या बाबतीत हा देश मुळीच लहान नाही. खाड्या, आखाते आणि चारशेहून अधिक बेटे यांमुळे त्याचा किनारा सात हजार किलोमीटरहूनही लांब झाला आहे. देशात कोठेही उभे राहा, समुद्र पन्नास-बावन्न किलोमीटरांच्या आतच असतो. मुंबईहून कल्याणला जाण्याइतकेच हे अंतर!

या देशात डोंगर नाहीत. सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून फक्त १७१ मीटर उंच आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. जमीन सपाट आणि चोहोकडे पाणी. अशा देशातील माणसे समुद्राकडे वळली, यात नवल ते काय?

उन्हाळ्याचे दिवस

आपल्याकडे उन्हाळा म्हटला की अंगाची लाही लाही होते. माणसे सावली शोधतात. डेन्मार्कमध्ये मात्र लोक उन्हाची वाट पाहतात. जुलै-ऑगस्टमध्येही तेथे दुपारचे तापमान साधारणपणे वीस-बावीस अंशांच्या आसपास असते. आपल्याला त्या हवेत अंगावर पातळ स्वेटर घ्यावासा वाटेल. पण तेथील मुले त्याच हवेत आनंदाने समुद्रात डुंबतात.

जून महिन्यात कोपनहेगनला सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरही आकाशात बराच वेळ उजेड रेंगाळत असतो. डिसेंबरमध्ये याच्या अगदी उलट स्थिती असते. सूर्य सकाळी साडेआठनंतर दिसतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. असे का होते? पृथ्वीचा आस कललेला आहे. त्यामुळे उन्हाळ्यात उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो आणि हिवाळ्यात त्याच्यापासून दूर जातो. विषुववृत्तापासून आपण जितके दूर जावे, तितका दिवस आणि रात्र यांतला हा फरक वाढत जातो. मुंबई १९ अक्षांशावर आहे, तर डेन्मार्क ५४ ते ५८ या अक्षांशांच्या दरम्यान आहे.

हिवाळ्यात सात तासांचा दिवस काढणाऱ्या माणसाला उन्हाळ्याची किंमत कळते. २३ जूनच्या संध्याकाळी लोक समुद्रकाठी जमतात, मोठमोठ्या शेकोट्या पेटवतात आणि गाणी म्हणतात. जूनच्या अखेरीस शाळांना सुमारे सहा आठवड्यांची सुट्टी लागते. मग पुष्कळ कुटुंबे किनाऱ्यावरच्या छोट्या लाकडी घरांत राहायला जातात. केवळ सुट्टीत राहण्यासाठी बांधलेली अशी दोन लाखांहून अधिक घरे डेन्मार्कमध्ये आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डेन्मार्कमध्ये समुद्रकिनारा सर्वांसाठी मोकळा असतो. किनाऱ्यामागची जमीन एखाद्या धनिकाची असली, तरी पुळणीवरून चालत जाण्यास तो कोणाला मनाई करू शकत नाही. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात नवीन बांधकाम करण्यावरही कायद्याने कडक बंधने घातली आहेत. समुद्र सर्वांचा आहे, हा विचार त्या देशाने कायद्यात उतरवला आहे.

चालती वाळू आणि सरकलेले दीपगृह

जटलंडच्या अगदी उत्तर टोकाला स्कागेन हे गाव आहे. गावाच्या पुढे वाळूची एक अरुंद जीभ समुद्रात गेलेली आहे. तिला ग्रेनेन म्हणतात. येथे स्कागेराक आणि कॅटेगॅट हे दोन समुद्र एकमेकांना भेटतात. एका बाजूच्या लाटा दुसऱ्या बाजूच्या लाटांवर आदळताना स्पष्ट दिसतात. प्रवासी एक पाय एका समुद्रात आणि दुसरा पाय दुसऱ्या समुद्रात ठेवून उभे राहतात. मात्र येथे पोहण्यास सक्त मनाई आहे, कारण पाण्याखालचे प्रवाह फार जोरदार आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक चित्रकार स्कागेनला येऊन राहिले. तेथील स्वच्छ प्रकाश आणि कोळ्यांचे कष्टाचे जीवन त्यांनी आपल्या चित्रांत रंगवले.

या भागात वाळूने माणसाला फार छळले आहे. पूर्वी लोकांनी जळणासाठी झाडे तोडली. गुरांनी उरलेले गवत खाल्ले. जमीन उघडी पडली आणि पश्चिमेचा वारा वाळू उचलून गावांकडे नेऊ लागला. शेते बुडाली, घरे बुडाली. स्कागेनजवळ चौदाव्या शतकातले एक चर्च होते. दर रविवारी दाराशी साचलेली वाळू उपसल्याशिवाय लोकांना आत जाता येत नसे. शेवटी १७९५ मध्ये ते चर्च बंद करावे लागले. आज वाळूच्या वर त्याचा फक्त पांढरा मनोरा दिसतो.

पुढे लोकांनी वाळूत तग धरणारे गवत लावले, झाडे लावली आणि वाळूला जागच्या जागी बांधून टाकले. पण रॉबियेर्ग मिले नावाची एक प्रचंड टेकडी सरकारने मुद्दाम तशीच मोकळी ठेवली आहे. ती वाऱ्याबरोबर दरवर्षी पंधरा मीटरांहून अधिक पुढे सरकते. निसर्गाशी बेफिकिरीने वागले की काय होते, हे पुढच्या पिढ्यांना आपल्या डोळ्यांनी पाहता यावे, हा त्यामागचा हेतू आहे.

समुद्राची गोष्टही अशीच आहे. याच किनाऱ्यावर रुब्येर्ग क्नूड नावाचे दीपगृह आहे. १९०० साली त्याचा दिवा प्रथम पेटला, तेव्हा समुद्र सुमारे दोनशे मीटर दूर होता. पण लाटा दरवर्षी कड्याचा पाया खात होत्या. २०१९ मध्ये दीपगृहापासून कड्याची धार अवघ्या काही मीटरांवर आली. तेव्हा लोकांनी काय केले? त्यांनी ते दीपगृह जमिनीपासून सुटे केले, त्याखाली चाके आणि रूळ घातले आणि २२ ऑक्टोबर २०१९ रोजी सुमारे सत्तर मीटर मागे सरकवले. सुमारे सातशे टन वजनाची ती इमारत माणसाच्या चालीपेक्षाही मंद गतीने, पण जराही न डगमगता सरकली. अर्थात हा उपाय कायमचा नव्हे. समुद्र पुन्हा तेथे पोहोचणारच आहे. लोकांनी फक्त काही दशकांचा अवधी मिळवला आहे.

पश्चिम किनाऱ्यावर वादळानंतर लोक खाली मान घालून वाळूत काहीतरी शोधताना दिसतात. ते शोधत असतात पिवळसर, मधाच्या रंगाचे खडे. हा खरा दगड नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचा डिंक जमिनीखाली दबून घट्ट झाला, तोच हा पदार्थ. मराठीत त्याला अंबर म्हणतात. उर्दूत त्याचे नाव कहरुबा आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल. हा मूळ फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ ‘गवताची काडी ओढून घेणारा’ असा होतो. हा खडा लोकरीवर घासला की काडी-कचरा त्याला चिकटतो, म्हणून हे नाव पडले. ग्रीक भाषेत अंबराला ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत. त्यावरूनच विजेला ‘इलेक्ट्रिसिटी’ हे नाव मिळाले. एका लहानशा खड्यात केवढी गोष्ट दडली आहे, पाहा!

व्हायकिंग कोण होते?

डेन्मार्कला गेलेला प्रवासी व्हायकिंगांच्या खुणा पाहिल्याशिवाय परत येत नाही. साधारणपणे इ. स. ८०० ते १०५० या काळात डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन येथून जे लोक जहाजे घेऊन दूरदूर गेले, त्यांना व्हायकिंग म्हणतात. ७९३ मध्ये त्यांनी इंग्लंडजवळच्या लिंडिसफार्न बेटावरील मठ लुटला. त्या घटनेने सारा युरोप हादरला. त्या काळी युरोपात लिहिण्यावाचण्याचे काम मुख्यतः मठांतले धर्मगुरू करीत. मठच लुटले गेल्यामुळे त्यांनी व्हायकिंगांचे वर्णन क्रूर दरोडेखोर म्हणून केले. ते खोटे नव्हते. व्हायकिंगांनी गावे जाळली, माणसे मारली आणि अनेकांना पकडून गुलाम म्हणून विकले.

पण ही अर्धीच हकिकत झाली. बहुतेक व्हायकिंग वर्षाचा मोठा भाग शेती करीत, गुरे पाळीत, मासे मारीत. त्यांच्यात उत्तम सुतार, लोहार आणि सोनार होते. शिवाय ते मोठे व्यापारी होते. रीबे हे डेन्मार्कमधील सर्वांत जुने शहर इ. स. ७०० च्या सुमारास एका बाजारातूनच वाढले. तेथील उत्खननात मणी, कंगवे आणि दागिने बनवणाऱ्या कारागिरांच्या जागा सापडल्या आहेत.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. चित्रांत व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला दोन शिंगे दाखवतात. पण व्हायकिंगांचे शिंगे असलेले एकही शिरस्त्राण आजवर सापडलेले नाही. डेन्मार्कमध्ये शिंगांची दोन शिरस्त्राणे सापडली खरी. परंतु ती व्हायकिंगांच्याही सुमारे सतराशे वर्षे आधीची आहेत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील संगीत नाटकांत पात्रांना शिंगांची शिरस्त्राणे घातली गेली आणि ते चित्र लोकांच्या मनात पक्के बसले.

पाण्याखालून वर आलेली जहाजे

व्हायकिंगांचे खरे बळ त्यांच्या जहाजांत होते. ती पाहायची तर रोस्किल्डे गावी जावे लागते.

रोस्किल्डेच्या खाडीत एक जुने जहाज बुडालेले आहे, असे तेथील कोळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत असत. ते जुन्या काळातील एका राणीचे असावे, अशी त्यांची समजूत होती. पाणबुड्यांनी शोध घेतला, तेव्हा ते एक नव्हे, तर पाच जहाजांचे अवशेष निघाले आणि तेही व्हायकिंगांच्या काळातले. सुमारे १०७० च्या आसपास, समुद्रातून येणाऱ्या शत्रूला अडवण्यासाठी, लोकांनी जुनी जहाजे दगडांनी भरून खाडीच्या वाटेत मुद्दाम बुडवली होती.

१९६२ मध्ये त्या जागेभोवती पोलादी भिंत उभारून आतले पाणी उपसण्यात आले. चिखलातून लाकडाचे हजारो तुकडे बाहेर काढले गेले. नऊशे वर्षे पाण्यात राहिलेले लाकूड एकदम वाळले, तर आक्रसते आणि त्याचे तुकडे पडतात. म्हणून त्यावर सतत पाणी शिंपडत राहावे लागे. पुढे मेणासारखा एक रासायनिक पदार्थ लाकडात मुरवून ते टिकाऊ करण्यात आले. या कामास अनेक वर्षे लागली. मग तुकड्याला तुकडा जोडून जहाजे उभी करण्यात आली. १९६९ मध्ये त्यांच्यासाठी खाडीच्या काठावरच संग्रहालय सुरू झाले.

या पाच जहाजांत लढाऊ जहाजे आहेत, मालवाहू जहाजे आहेत आणि मासेमारीची लहान नावही आहे. त्यांची बांधणी कशी होती? प्रथम तळाशी एक लांब मजबूत वासा घालीत. मग दोन्ही बाजूंनी फळ्या लावीत. एका फळीची कड दुसऱ्या फळीवर येई आणि दोन्ही लोखंडी खिळ्यांनी पक्क्या जोडल्या जात. फटींत डांबरात भिजवलेली लोकर भरीत. अशा जहाजाचे अंग लाटेबरोबर थोडेसे वाकते, म्हणून ते मोडत नाही. शिवाय लढाऊ जहाज पाण्यात जेमतेम मीटरभर बुडत असे. त्यामुळे ते भर समुद्रातही चाले आणि उथळ नदीतून थेट गावापर्यंतही जाई. वारा असेल तेव्हा शीड आणि वारा पडला की वल्ही, अशी दुहेरी सोय त्यात होती.

लाकूड आपला इतिहास स्वतःच सांगते. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. पावसापाण्याच्या वर्षी ते रुंद असते, कठीण वर्षी अरुंद असते. या वलयांची मांडणी तपासून ते झाड कोठे वाढले आणि केव्हा तोडले, हे शास्त्रज्ञ सांगू शकतात. सर्वांत मोठे, सुमारे तीस मीटर लांबीचे लढाऊ जहाज १०४२ च्या सुमारास आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ बांधलेले होते, असे या अभ्यासातून निष्पन्न झाले. रोस्किल्डेच्या सुतारांनी जुन्या पद्धतीची हत्यारे वापरून तसेच नवे जहाज बांधले. २००७ च्या उन्हाळ्यात सुमारे साठ खलाशी त्यातून डब्लिनपर्यंत गेले आणि पुढल्या उन्हाळ्यात सुखरूप परतले. पाऊस आणि थंडी सोसत, उघड्या जहाजात दाटीवाटीने झोपून त्यांनी हा प्रवास केला. व्हायकिंगांचे कष्ट काय असतील, ते पुस्तकातून कळले नव्हते. ते या प्रवासात कळले.

परंतु समुद्राने दिलेली ही ठेव समुद्रच पुन्हा मागू लागला आहे. डिसेंबर २०१३ च्या वादळात खाडीचे पाणी संग्रहालयाच्या भिंतीला येऊन भिडले. तेथील लोकांनी शर्थीने ते थोपवले. तेव्हापासून हे संग्रहालय जहाजांसाठी सुरक्षित राहिलेले नाही, ही गोष्ट स्पष्ट झाली आणि जहाजे नव्या इमारतीत हलवण्याचे ठरले.

दिरहम आणि अरब प्रवासी

डेन्मार्क आणि स्वीडनच्या जमिनीत चांदीची हजारो नाणी सापडली आहेत. त्यांवर अरबी अक्षरे कोरलेली आहेत. ही नाणी म्हणजे दिरहम. बगदाद, समरकंद आणि ताश्कंद अशा दूरदूरच्या शहरांत ती पाडलेली होती. मग ती उत्तर युरोपात कशी गेली?

त्या काळी बगदादला अब्बासी खलिफांचे राज्य होते आणि मध्य आशियात सामानी राजांचे. त्या राज्यांत चांदी भरपूर होती. उत्तरेकडचे व्यापारी व्होल्गासारख्या नद्यांच्या वाटेने खाली येत. जनावरांची मऊ कातडी, मध, मेण, अंबर, तलवारी आणि गुलाम ते विकत आणि मोबदल्यात चांदी घेत. त्यांना नाण्यावरचा मजकूर वाचता येत नसे. ते नाणे तराजूत तोलून घेत आणि गरज पडली तर सरळ त्याचे तुकडे करीत. आपल्या दृष्टीने मात्र तो मजकूर अमोल आहे. कारण नाणे कोठे आणि कोणत्या हिजरी वर्षी पाडले, हे त्यावर लिहिलेले असते. त्यामुळे त्या नाण्यांसोबत सापडलेल्या वस्तूंचा काळ ठरवता येतो. डेन्मार्कच्या मातीतील कोडे अशा रीतीने अरबी लिपी सोडवते!

९२१ मध्ये बगदादच्या खलिफाने व्होल्गा नदीकाठच्या बल्गारांच्या राजाकडे एक शिष्टमंडळ पाठवले. त्यात इब्न फजलान होते. तेथे त्यांना ‘रूस’ नावाचे व्यापारी भेटले. हे लोक मूळचे स्कँडिनेव्हियातले होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इब्न फजलान यांनी आपल्या सफरनाम्यात त्यांच्या उंच, धिप्पाड बांध्याची प्रशंसा केली. पण त्यांच्या अस्वच्छ सवयींची किळसही व्यक्त केली. त्यांच्या सरदाराचे प्रेत जहाजात ठेवून जहाजासह जाळण्यात आले, तो प्रसंग त्यांनी स्वतः पाहिला आणि बारकाईने लिहून ठेवला. त्या अंत्यविधीत एका दासीलाही ठार मारण्यात आले. ही भीषण गोष्टही त्यांनी लपवली नाही. व्हायकिंगांच्या अंत्यविधीचे डोळ्यांनी पाहून लिहिलेले असे वर्णन दुसरे नाही.

दहाव्या शतकातच स्पेनमधील तरतूशी नावाचे आणखी एक प्रवासी हेडबी या बंदरात आले. हे गाव आज जर्मनीत आहे. त्या काळी ते डेन लोकांचे मोठे व्यापारी केंद्र होते. येथे लोक मुख्यतः मासे खातात, स्त्रिया स्वतःच्या इच्छेने नवऱ्यापासून विभक्त होऊ शकतात, स्त्री-पुरुष दोघेही डोळ्यांना रंग लावतात, असे त्यांनी नोंदवले. तेथील गाणे मात्र त्यांना मुळीच आवडले नाही. ते त्यांना कुत्र्यांच्या भुंकण्यापेक्षाही वाईट वाटले!

मठातल्या धर्मगुरूंना दरोडेखोर दिसले. अरब प्रवाशांना व्यापारी दिसले. जमिनीतून शेतकरी आणि कारागीर बाहेर आले. कोणाचे खरे मानायचे? सर्वांचेच, पण कोणाचेही एकट्याचे नाही. एखाद्या समाजाविषयी मत बनवताना फक्त त्याच्या शत्रूचे ऐकू नये आणि फक्त त्याच्या स्तुतिपाठकांचेही ऐकू नये. अनेक साक्षी तपासाव्यात आणि मग बोलावे. इतिहास आपल्याला हीच शिस्त शिकवतो.

येलिंगचे दगड आणि आजचा डेन्मार्क

जटलंडमधील येलिंग या गावी दोन मोठे कोरीव दगड आहेत. लहान दगड गोर्म राजाने आपल्या राणीच्या स्मरणार्थ उभारला. मोठा दगड त्यांचा मुलगा हॅरल्ड याने ९६५ च्या सुमारास उभारला. आपण सारे डेन्मार्क एकत्र आणले आणि डेन लोकांना ख्रिस्ती केले, असे त्याने त्यावर रून नावाच्या लिपीत कोरवून घेतले आहे. १९९४ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. ऊनपावसाने दगड झिजू नयेत म्हणून २०११ पासून त्यांच्याभोवती काचेचे आवरण बसवले आहे.

या हॅरल्ड राजाचे टोपणनाव ‘ब्लूटूथ’, म्हणजे निळ्या दाताचा, असे होते. आज मोबाईल फोन एकमेकांना बिनतारी जोडणाऱ्या यंत्रणेला त्याचेच नाव दिले आहे. त्याने लोकांना जोडले, ही यंत्रणा उपकरणांना जोडते! फोनवर दिसणारी ती खूण म्हणजे रून लिपीतील हॅरल्डच्या नावाची दोन आद्याक्षरे होत.

आजच्या डेन लोकांनी तलवार केव्हाच ठेवून दिली आहे. परीकथा लिहिणारे हान्स ख्रिश्चन अँडरसन ओडेन्स शहरात १८०५ मध्ये जन्मले. त्यांच्या कथेतील जलपरीचा सव्वा मीटर उंचीचा पुतळा १९१३ पासून कोपनहेगनच्या बंदरात बसलेला आहे. मुलांचे आवडते लेगोचे ठोकळेही याच देशातील बिलुंड गावचे. राजधानीत मोठमोठे अधिकारीही सायकलने कामावर जातात. ज्या वाऱ्याने एके काळी व्हायकिंगांची शिडे भरली आणि गावांवर वाळू लोटली, त्याच वाऱ्यावर आज देशाची निम्म्याहून अधिक वीज तयार होते. समुद्रात उभारलेले जगातील पहिले पवनचक्क्यांचे केंद्र १९९१ मध्ये डेन्मार्कमध्येच सुरू झाले.

आपल्याशी असलेले नाते

डेन्मार्कची जहाजे भारतातही आली. १६२० मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे त्यांनी व्यापारासाठी ठाणे वसवले. १८४५ मध्ये ते इंग्रजांना विकले. तेथील डेन लोकांचा किल्ला आजही उभा आहे.

डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानाच्या अभ्यासासाठी सहा जणांचे पथक पाठवले. तापाने एकेक जण दगावत गेला. कार्स्टन नीबुर सप्टेंबर १७६३ मध्ये मुंबईत पोहोचले, तेव्हा त्यांच्यासोबत एकच साथीदार, पथकातील डॉक्टर, जिवंत उरला होता. पुढे तोही मुंबईतच वारला. एकट्या राहिलेल्या नीबुर यांनी काम सोडले नाही. त्यांनी घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली, चित्रे काढली. परतीच्या वाटेवर इराणमधील प्राचीन शिलालेखांच्या हुबेहूब नकला उतरवल्या. त्या नकलांच्या आधारे पुढे विद्वानांनी एक विसरलेली लिपी वाचली. १७६७ मध्ये सहांपैकी ते एकटेच परत पोहोचले.

अलीकडच्या काळातील नातेही सांगायला हवे. ‘लार्सन अँड टूब्रो’ हे नाव तुम्ही पुलांवर आणि मोठ्या बांधकामांवर वाचले असेल. ही कंपनी १९३८ मध्ये मुंबईत दोन डॅनिश अभियंत्यांनी सुरू केली. त्यांचीच नावे आजही तिला आहेत.

दर्या, बंदर, दर्यावर्दी हे शब्द मराठीत आहेत आणि तुमच्या उर्दूलाही ते परके नाहीत. शब्दसुद्धा जहाजांतून प्रवास करीत आले. समुद्र देशांना वेगळे करतो, असे नकाशात वाटते. प्रत्यक्षात त्याने माणसांना एकमेकांपर्यंत पोहोचवले आहे. कधी तलवारीसह, कधी तराजूसह, तर कधी केवळ वही आणि लेखणीसह. तलवारीने नेलेले सारे संपले. तराजूने नेलेली नाणी मातीत सापडतात. लेखणीने लिहिलेले मात्र आजही आपण वाचतो आहोत.

शब्दार्थ

दर्यावर्दी – समुद्रावर प्रवास करणारा. पुळण – समुद्रकाठची वाळू. दीपगृह – जहाजांना वाट दाखवणारा दिव्याचा मनोरा. शिरस्त्राण – लढाईत डोक्यावर घालायचा लोखंडी टोप. शीड – जहाजाचे वाऱ्याने फुगणारे कापड. वल्हे – होडी चालवण्याचे लाकडी साधन. आक्रसणे – आकुंचन पावणे. शिष्टमंडळ – कामगिरीवर पाठवलेले प्रतिष्ठित लोक. स्तुतिपाठक – केवळ स्तुती करणारा.

स्वाध्याय

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ग्रेनेन येथे पोहण्यास मनाई का आहे?
२. कहरुबा या शब्दाचा मूळ अर्थ काय?
३. कार्स्टन नीबुर यांनी मुंबईजवळच्या कोणत्या लेण्यांची मोजमापे घेतली?

(आ) तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
१. रॉबियेर्ग मिले ही टेकडी सरकारने मोकळी का ठेवली आहे?
२. व्हायकिंगांची जहाजे लाटांत का मोडत नसत?
३. दिरहमांवरील मजकुराचा इतिहास संशोधकांना कोणता उपयोग होतो?

(इ) ‘कोणाचे खरे मानायचे? सर्वांचेच, पण कोणाचेही एकट्याचे नाही.’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

(ई) मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे, समुद्राशी किंवा व्यापाराशी संबंधित असे पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.